भाऊ जेलमध्ये आहे, त्याची सायकियाट्रीची फाइल पोलिसांना द्यायची का?

नदीकाठची:
नमस्कार मंडळी. इथे वकील, डॉक्टर बरेच जण वाचतात म्हणून धागा काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ कॉलेजला असल्यापासून बायपोलर आहे (मूड कधी फार वर, कधी फार खाली जाण्याचा आजार), मूड स्थिर ठेवायला लिथियम चालू आहे आणि रात्री क्लोनाझेपामची एक गोळी. नोकरी करतो, चांगली करतो. पण मध्यंतरी गोळ्या चुकवायला लागला, झोप कमी, बडबड वाढलेली, आम्हाला कळत होतं की गाडी परत वर चाललीय, डॉक्टरांची वेळ पण घेतली होती आणि त्याच्या आधीच शेजाऱ्यांशी पाण्याच्या मोटरवरून जुंपली आणि ह्याने लोखंडी गज उचलला. शेजारच्या काकांचं मनगट फ्रॅक्चर. चूक आमच्या भावाचीच, त्याबद्दल वाद नाही. ११८(२) लावलंय, म्हणजे धोकादायक हत्याराने गंभीर दुखापत, जुनं ३२६ म्हणे. आधी पीसीआर (पोलीस कोठडी) झाला, आता एमसीआर (न्यायालयीन कोठडी) मिळून जिल्ह्याच्या जेलमध्ये आहे.

आता घोळ असा झालाय. आयओने (तपास अधिकाऱ्याने) हॉस्पिटलला पत्र दिलंय की आरोपीच्या उपचाराची "संपूर्ण कागदपत्रे" द्या. रेकॉर्ड रूममधून मला फोन, ताई तुमची काही हरकत आहे का. पप्पा म्हणतात देऊन टाका सगळं, आजारी आहे कळलं तर सोडतील. आई म्हणते अजिबात नाही, जन्मभराचा शिक्का बसेल. आणि दुसरीकडे ज्यांना खरंच कळायला हवं त्या जेलवाल्यांना काही पडलेलं नाही, गेटवर गोळ्या घेतल्याच नाहीत, बाहेरचं औषध चालत नाही म्हणाले. मुलाकातीला पाहिला तर डोळे लाल, झोप नाही, आणि म्हणतो अंग दुखतं म्हणलं तर इंजेक्शन देतात, बाकी काही नाही. म्हणजे पोलिसांना सगळं हवंय आणि जेलला काहीच नकोय. काय करावं? वकील केलेत पण ते जामिनाचंच बघतात, बाकी विचारलं की "होईल होईल".

सडेतोड_सदा:
पप्पांचं बरोबर आहे. लपवाछपवी केली की पोलिसांना जास्त संशय येतो. फाइल द्या, वेड्याला शिक्षा नसते आपल्याकडे, विषय संपला.

पायरीवरचा_वकील:
सदाभाऊ, विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. ताई, हॉस्पिटलला आजच्या आज लेखी कळवा की पेशंटच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय पूर्ण फाइल देऊ नये. आणि हो, तुमची हरकत आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी तुम्हाला विचारायला नको होता. भाऊ सज्ञान आहे, माहिती त्याची आहे, संमती त्याची लागते.

आता कायदा. मेंटल हेल्थकेअर अॅक्ट २०१७, कलम २३. मानसिक आजार, उपचार, सगळी माहिती गुप्त राहण्याचा हक्क पेशंटला आहे. त्याला अपवाद आहेत. उपचार करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरला सांगता येतं, नॉमिनेटेड रिप्रेझेंटेटिव्हला (पेशंटच्या वतीने नेमलेल्या प्रतिनिधीला) सांगता येतं, कुणाला इजा होणार असेल किंवा जिवाला धोका असेल तर तेवढ्यापुरतं सांगता येतं, सार्वजनिक सुरक्षेसाठी सांगता येतं, आणि ह्याच कायद्याखालचा मेंटल हेल्थ रिव्ह्यू बोर्ड, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट किंवा दुसऱ्या सक्षम वैधानिक प्राधिकाऱ्याचा आदेश असेल तर. पोलिसांचं पत्र ह्या शेवटच्या खणात बसतं का ह्यावर खरी मारामारी आहे. बीएनएसएस, म्हणजे नवा फौजदारी प्रक्रियेचा कायदा, त्याच्या कलम ९४ (जुनं सीआरपीसी ९१) खाली ठाण्याचा प्रभारी अधिकारी कागदपत्रं मागवू शकतो, म्हणून सरकारी वकील म्हणणार की तोच सक्षम प्राधिकारी. माझं मत, नाही. हायकोर्ट आणि बोर्डाच्या पंगतीत ठाणेदाराला बसवायचं असतं तर कायद्याने तसं सरळ लिहिलं असतं, आणि कलम १२० म्हणतं की ह्या कायद्याशी विसंगत जे असेल त्यावर हा कायदा वरचढ. समोरचा म्हणेल बीएनएसएस नंतरचा आहे. म्हणू दे, तो वाद कोर्टात होऊ दे, रेकॉर्ड रूमच्या खिडकीवर नको.

आणखी एक. डॉक्टर-पेशंटमधलं बोलणं पुराव्याच्या कायद्यात सुरक्षित नाही. वकिलाला ते संरक्षण आहे, नवरा-बायकोला आहे, डॉक्टरला नाही. कोर्टाने समन्स काढलं तर डॉक्टरला यावं लागतं आणि बोलावं लागतं. त्यामुळे फाइल कधीच कोर्टात जाणार नाही ह्या भ्रमात राहू नका, प्रश्न आहे कधी, किती आणि कुणाच्या हातून. तुमच्या वकिलाने वाचून दिलेला कागद वेगळा आणि हवालदाराने झेरॉक्स मारून नेलेला वेगळा.

आणि सदाभाऊंच्या "वेड्याला शिक्षा नसते"बद्दल. बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेली नवी दंडसंहिता) कलम २२, जुनं ८४. कृत्य करताना, त्या क्षणी, आपण काय करतोय किंवा ते चुकीचं आहे हे कळत नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं असतं. आजाराचं सर्टिफिकेट म्हणजे हा बचाव नाही, सुप्रीम कोर्टाने कैकदा सांगितलंय की वैद्यकीय वेडेपणा आणि कायद्यातला वेडेपणा वेगळा. कॉलेजपासून लिथियम चालू आहे एवढ्यावर कोणी निर्दोष सुटत नाही. उलट फाइलमध्ये आधीचं एखादं भांडण लिहिलेलं असलं तर सवयीचा आक्रमक म्हणून जामिनाला विरोध करायला तेच वापरतील. हात दाखवून अवलक्षण.

गोळीवाली_डॉक्टर:
सायकियाट्रिस्ट आहे, सरकारी नोकरी झालीय, आता स्वतःचं क्लिनिक. वकीलसाहेबांना पूर्ण अनुमोदन आणि वर थोडी भर.

लोकांना फाइल म्हणजे काय ते माहीत नसतं. डिस्चार्ज कार्डावर निदान, औषधं, पुढची तारीख असते. केस पेपर वेगळी चीज. त्यात पहिल्या दिवशी रेसिडेंटने तासभर बसून लिहिलेली हिस्टरी असते, बापाशी पटत नाही, बारावीत गांजा ओढला होता, एकदा आईच्या अंगावर धावून गेला, मामाला पण असाच आजार होता, बहिणीचं लग्न मोडलं तेव्हा काय झालं. पेशंटने विश्वासाने सांगितलेलं आणि नातेवाईकांनी पेशंटच्या मागे सांगितलेलं, दोन्ही त्याच कागदावर. त्याच्याखाली नर्सच्या नोंदी, "पेशंट रागात, स्टाफला शिवीगाळ". हे सगळं चार्जशीटला जोडलं गेलं की त्याची प्रत फिर्यादी शेजाऱ्याच्याही हातात पडते, आणि मग गल्लीत वाचन.

सरकारी हॉस्पिटलात असताना बघितलंय, साध्या कागदावर ठाण्याचा शिक्का मारून शिपाई यायचा आणि रेकॉर्डवाला घाबरून गठ्ठाच्या गठ्ठा झेरॉक्स करून द्यायचा. त्याला कलम २३ कुणी शिकवलेलंच नसतं. आणि तोच रेकॉर्डवाला जेलच्या डॉक्टरने फोनवर डोस विचारला की "पेशंटची माहिती देता येत नाही" म्हणायचा! कायद्याने नेमकं उलटं सांगितलंय. उपचारासाठी डॉक्टरने डॉक्टरला सांगायला मुभा आहे, तिथे आडकाठी नाही. पोलिसाला फार थोडं लागतं आणि जेलच्या डॉक्टरला भरपूर लागतं, आपल्याकडे मिळतं बरोबर उलटं.

आता ताई, जेलच्या बाबतीत ही घाईची गोष्ट आहे, जामिनाची वाट बघत बसू नका. लिथियम एकदम बंद झालं की मॅनिया (आजाराचा तो वर जाणारा टप्पा) उसळतो, झोप गेलीय म्हणजे तेच चाललेलं असणार. क्लोनाझेपाम रोजचं असेल आणि एकदम तुटलं तर फिट येऊ शकते. आणि तिसरं जे कुणी सांगत नाही, जेलच्या डॉक्टरने लिथियम परत सुरू केलं तर अंगदुखीची इंजेक्शनं त्याच्याबरोबर चालत नाहीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्यांनी लिथियम रक्तात साठतं, त्यात बराकीतला उकाडा आणि पाणी कमी पिणं. हात जोरात थरथरणं, उलट्या, जुलाब, जीभ जड, चालताना झोकांड्या, असं काही दिसलं तर त्याला जेलमधून सिव्हिलला हलवायला सांगायचं, ही विषबाधा आहे. सुरू करताना किडनीची तपासणी आणि काही दिवसांनी लिथियम लेव्हल, साधारण ०.६ ते १.० च्या आसपास ठेवतात. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एकाच पानाचं पत्र घ्या, जेलच्या मेडिकल ऑफिसरच्या नावे. निदान, औषधं, डोस, कशाबरोबर काय द्यायचं नाही, जिवाचा धोका आहे का, आणि डॉक्टरांचा मोबाइल नंबर. बाकी इतिहास नको.

मनस्वी_७:
+१ डॉक्टर. "बहिणीचं लग्न मोडलं" वाचून पोटात गोळा आला, आमच्या घरच्या फाइलमध्ये असंच काय काय आहे.

चौकातला_नाना:
सगळे आरोपीच्याच बाजूने बोलताय म्हणून लिहितो. माझ्या मावशीला त्यांच्या बिल्डिंगमधल्या एका पेशंटने जिन्यावरून ढकललं, कंबर मोडली, अजून काठीशिवाय चालता येत नाही. घरच्यांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं की गोळ्या बंद केल्यात आणि मावशीचं नाव घेऊन बडबडतोय. गुप्तता म्हणून सगळे गप्प. त्या काकांचं मनगट मोडलंय त्यांनी विचारलं की आम्हाला आधी का नाही सांगितलं, तर काय उत्तर देणार? अशा पेशंटची यादी पोलीस स्टेशनला का नसावी?

गोळीवाली_डॉक्टर:
नाना, मावशींचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा राग रास्त आहे. पण जे सांगायला हवं होतं ते सांगायला कायद्याने अडवलेलंच नव्हतं. कलम २३ मध्येच आहे की दुसऱ्याला इजा किंवा हिंसेपासून वाचवायला आवश्यक असेल तर माहिती देता येते, फक्त त्या धोक्यापुरती. नाव घेऊन, माणूस ठरवून धमकी देतोय म्हणजे तो प्रसंग हाच. अशा वेळी मी स्वतः घरच्यांना समोर बसवून ठाण्याला फोन केलेला आहे, "ह्या माणसाला आत्ता हॉस्पिटलात आणायला मदत हवी" एवढंच बोलले, निदानसुद्धा सांगितलं नाही. आणि तेव्हा पोलिसांचंही काम ठरलेलंय, कलम १००. मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे असं वाटलं तर ताब्यात घेऊन लवकरात लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत जवळच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं, आणि लॉकअपमध्ये ठेवायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही.

यादीला मात्र माझा ठाम विरोध. यादी झाली की पहिल्यांदा उपचाराला येणारेच बंद होतील, आणि गोळ्या घेणाऱ्यापेक्षा न घेणारा जास्त धोक्याचा असतो, जे त्या मावशींच्या बाबतीत झालंच.

चौकातला_नाना:
ठीक. पण डॉक्टर गप्प बसले तर त्यांना काय होतं? काहीच नाही ना? मग मुभा असून उपयोग काय.

गोळीवाली_डॉक्टर:
हा मुद्दा मान्य. "सांगता येतं" लिहिलंय, "सांगितलंच पाहिजे" असं ह्या कलमात नाही, त्यामुळे घाबरट डॉक्टर गप्पच राहतो. पॉक्सोत तसं नाही, तिथे मुलावरच्या अत्याचाराची खबर द्यावीच लागते, नाही दिली तर गुन्हा.

निवृत्त_गेटकीपर:
कारागृह विभागातून निवृत्त झालोय, कुठलं जेल ते विचारू नका. ताईंना गेटवर गोळ्या नाकारल्या त्याचं कारण सांगतो, ते लोक वाईट असतात म्हणून नाही (काही असतात). क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम ह्या एनडीपीएसमधल्या (अमली पदार्थांच्या कायद्यातल्या) गोळ्या आहेत, आत त्यांची नशेसाठी विक्री होते, एका गोळीला काय भाव येतो ते लिहीत नाही. गेटवरच्या शिपायाने घेतली आणि झडतीत सापडली तर त्याची नोकरी जाते. म्हणून बाहेरची गोळी नाही म्हणजे नाही. पण प्रिस्क्रिप्शन, कागद घ्यावाच लागतो. गोळ्या जेलच्या दवाखान्यातून किंवा सिव्हिलमधून मिळतात. कागद गेटवर नाही द्यायचा, ऑफिसला आवक-जावकला द्यायचा, सुपरिटेंडंट आणि मेडिकल ऑफिसर दोघांच्या नावे, आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का तारखेसह घ्यायचा. शिक्का असला की तो कागद कुणाला खिशात घालता येत नाही. जमलं तर तेच पत्र कोर्टात अर्जाला जोडा, मॅजिस्ट्रेट साहेबांनी "योग्य ते उपचार देऊन अहवाल सादर करावा" असं लिहिलं की दुसऱ्या दिवशी सिव्हिलला न्यायला एस्कॉर्ट मिळतो. एरवी एस्कॉर्टच मिळत नाही, पोलीस मुख्यालयातून माणसं यायची असतात, बंदोबस्त असला, सण असला, मंत्री आला की कैद्याची हॉस्पिटलची तारीख गेली. हे आजारापेक्षा मोठं दुखणं आहे आतलं.

दाखल होतानाचं सांगतो. संध्याकाळी कोर्टाच्या गाड्या येतात, एकदम घोळका. झडती, अंगावरच्या खुणा, उंची, वजन, मग डॉक्टर किंवा कंपाउंडर छापील फॉर्म घेऊन विचारतो, काही आजार? मागे पन्नास जण उभे, बाजूला आणणारे पोलीस उभे. शुगर, बीपी माणूस सांगतो. डोक्याची गोळी चालू आहे असं कोण सांगणार हो? सांगितलं की बराकीत त्याच रात्री "मेंटल" नाव पडतं, ते सुटेपर्यंत. म्हणून तो "नाही" म्हणतो, फॉर्मवर "नाही" लिहिलं जातं, आणि पोलिसांच्या कागदात जे असेल ते पोलिसांकडेच राहतं, वॉरंटासोबत येत नाही. नवीन मेंटल हेल्थच्या कायद्यात जेलच्या डॉक्टरने दर तीन महिन्यांनी बोर्डाला रिपोर्ट द्यायचाय, आणि त्याचे शब्द वाचा, जेलमध्ये मानसिक आजाराचा कैदी "नाही" असं प्रमाणित करायचं! मग काय लिहिणार तो, नाही असंच लिहिणार ना.

पायरीवरचा_वकील:
गेटकीपर साहेब, तुमच्यासारखे लोक इथे लिहितात म्हणून ही जागा टिकून आहे. ते कलम १०३. त्यातच असंही आहे की प्रत्येक राज्यात किमान एका जेलच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र उभारायचं. आणि जिथे जेलमध्ये सायकियाट्री वॉर्ड नाही तिथून कैद्याला बाहेरच्या मानसिक रुग्णालयात बोर्डाच्या परवानगीने हलवता येतं. महाराष्ट्रात म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ह्यापैकी कुठलं तरी. पण ताई, भाऊ औषधावर सावरत असेल तर तिकडे पाठवायची मागणी तुम्ही होऊन करू नका.

त्याचं कारण जरा सविस्तर. तीन गोष्टी लोक एकच समजतात. आजार असणं एक. गुन्ह्याच्या वेळी भान नसणं दुसरी. आणि खटला चालू असताना आपल्यावर काय आरोप आहे, वकील काय विचारतोय हे न कळणं तिसरी. तिसऱ्यासाठी बीएनएसएसचं कलम ३६७ आणि पुढची कलमं, जुनं ३२८. तो अर्ज केला की सिव्हिल सर्जन, मग सायकियाट्रिस्टचा रिपोर्ट, आणि माणूस खटल्याला असमर्थ ठरला तर खटला थांबतो. खटला थांबला म्हणजे माणूस सुटला नाही! कधी कधी बरोबर उलटं होतं.

आसामच्या मचांग लालुंगची केस वाचा. १९५१ साली मोरीगावच्या बाजूचा हा तरुण पकडला गेला, कलम तुमच्या भावाचंच, ३२६. तेजपूरच्या मानसिक रुग्णालयात पाठवला. १९६७ मध्ये हॉस्पिटलने लिहून दिलं की हा बरा आहे. मग घरी सोडायचं तर परत जेलमध्ये. बरा झाल्याचा कागद कुठल्या तरी फाइलीत गेला आणि खटला चालवायला कोणी त्याला पुकारलंच नाही. २००५ मध्ये बाहेर आला, एक रुपयाच्या जातमुचलक्यावर. चोपन्न वर्षं, खटला न होता. नंतर सुप्रीम कोर्टाने आसाम सरकारला तीन लाख भरपाई द्यायला लावली, आणि २००७ मध्ये म्हातारा गेला. हॉस्पिटलने आपलं काम केलं होतं, जेलने आपलं, कोर्टाने आपलं. एकमेकांना कळवायचं काम कुणाचंच नव्हतं.

म्हणून माझा आग्रह, ३६७ फक्त खरंच गरज असेल तेव्हाच. तुमच्या केसमध्ये जामिनाच्या अर्जात कलम ४८०चं परंतुक वापरा, आजारी व्यक्तीला जामिनात झुकतं माप आहे तिथे. जोडायला डॉक्टरांनी सांगितलेलं एका पानाचं पत्र पुरेसं आहे.

सडेतोड_सदा:
बरं बाबा, मागे घेतो माझं. पण मग कोर्टात ते पत्र दिलं की ते पण पब्लिकच झालं ना? शिक्का तर बसलाच.

पायरीवरचा_वकील:
चांगला प्रश्न, खरंच. नाव झाकायची विनंती करता येते. महाराष्ट्रातल्याच एका फाशीच्या केसमध्ये २०१९ साली सुप्रीम कोर्टाने निकालात आरोपीचं नाव छापलंच नाही, "एक्स" लिहिलं, आणि आधार दिला ह्याच कलम २३ चा. दोन लहान मुलींचा बलात्कार आणि खून, इतका भयंकर गुन्हा, तरी आजाराच्या माहितीपुरतं त्याचं नाव झाकलं, आणि शिक्षा झाल्यानंतर जडलेल्या गंभीर मानसिक आजारामुळे फाशी रद्द केली. फाशीच्या कैद्याला मिळालं तर मनगट मोडणाऱ्याला मागायला काय हरकत. तालुका कोर्टात भुवया उंचावतील, उंचावू दे.

क्लोझापिनचा_बाप:
माझा मुलगा क्लोझापिन ह्या मानसिक आजाराच्या औषधावर आहे, तो दुसऱ्या राज्यात एका आंदोलनात उचलला गेला होता. दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर ही गोळी जुन्या डोसवर परत सुरू करता येत नाही, १२.५ मिलिग्रॅमपासून हळूहळू चढवावी लागते, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी बघाव्या लागतात. तिथल्या ठाण्यात हे कुणाला सांगणार आणि कोणत्या भाषेत. तेव्हापासून त्याच्या पाकिटात लॅमिनेट केलेलं कार्ड ठेवतो, इंग्रजी आणि हिंदीत. औषधाचं नाव, डोस, "खंड पडल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये", माझा आणि डॉक्टरांचा नंबर. आजाराचं नाव कार्डावर नाही, मुलाने नको म्हणलं, आणि त्याचं बरोबर आहे, डॉक्टर असेल त्याला औषधाच्या नावावरून कळतं, बाकीच्यांना कळायची गरज नाही.

गोळीवाली_डॉक्टर:
हे कार्ड फार आवडलं. माझ्या पेशंटना सांगणार.

ब्रॅडफर्डची_स्मिता:
इंग्लंडमध्ये मेंटल हेल्थ नर्स आहे, काही काळ पोलीस कस्टडीत काम केलंय म्हणून लिहिते, तुलना करायला नाही, कल्पना मिळावी म्हणून. इथे लिएझन अँड डायव्हर्जन म्हणून सेवा आहे, म्हणजे ठाण्यात एनएचएसची (इथल्या सरकारी आरोग्यसेवेची) नर्स असते. पकडून आणलेल्याचं रेकॉर्ड मी बघू शकायचे, कस्टडी सार्जंट बघू शकायचा नाही. मी बाहेर येऊन त्याला कामापुरतंच सांगायचे. चौकशी करण्यासारखा आहे का, शेजारी अॅप्रोप्रिएट अडल्ट (चौकशीत त्याला समजायला मदत करणारी प्रौढ व्यक्ती) बसवायला हवा का, स्वतःला इजा करेल का, रात्री कुठली गोळी द्यायची. निदान त्याने विचारलं तरी सहसा नाही, आणि बऱ्याचदा तो विचारायचाही नाही, त्याला त्याची रात्र नीट जायला हवी असायची. मग माणूस कोर्टात किंवा जेलला निघाला की त्याच्याबरोबर पर्सन एस्कॉर्ट रेकॉर्ड जायचं, जोखीम काय, औषध काय, शेवटची गोळी कधी. माणूस ज्याच्या हवाली तो कागद त्याच्या हवाली.

इथेही सगळं आलबेल नाही हं. कस्टडीतल्या मृत्यूंच्या चौकशीत परत परत तेच निघतं, माहिती होती, पुढे गेली नाही, किंवा गेली आणि कुणी वाचली नाही. शुक्रवारी संध्याकाळी जेलला पोचलेल्याची गोळी सोमवारपर्यंत अडकते हे मी स्वतः पाहिलंय. पण "ठाण्यातला जो माणूस फाइल बघतो तो तपास करत नाही" ही एक गोष्ट मला फार पटते. आपल्याकडे तालुक्याला सायकियाट्रिस्ट कुठून आणणार हे खरं, पण अटकेनंतरची मेडिकल तर होतेच ना, तो डॉक्टर हे एक पान लिहू शकतो.

पायरीवरचा_वकील:
स्मिताताई, लिहू शकतो आणि लिहायला हवं, बीएनएसएस ५३ खाली अटकेनंतर तपासणी असते आणि रिपोर्टची प्रत आरोपीला द्यायची असते. प्रत्यक्षात दोन मिनिटं, "कुठे मार लागलाय का", सही, पुढचा. मानसिकचा कॉलमच बऱ्याच ठिकाणी कोरा.

नदीकाठची:
सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री सगळं आईपप्पांना वाचून दाखवलं. पप्पा आधी चिडले, मग लालुंगचं वाचून गप्प झाले.

अपडेट देते. हॉस्पिटलला लेखी दिलं, त्यांनी आयओला उत्तर पाठवलं की कोर्टाचा आदेश आणा, आयओ फोनवर चिडला, "तुम्हीच आजाराचं सांगता आणि तुम्हीच कागद देत नाही, ताकाला जाऊन भांडं लपवता". आमच्या वकिलांनी सांभाळून घेतलं. डॉक्टरांनी एका पानाचं पत्र दिलं, वर लाल पेनाने लिहिलंय डायक्लोफेनॅक देऊ नये. आवकचा शिक्का घेतला (गेटकीपर काका, तुम्ही सांगितलं नसतं तर गेटवरच देऊन आले असते). जेलचे मेडिकल ऑफिसर बाहेर येऊन स्वतः बोलले, भले वाटले, म्हणाले लिथियम सिव्हिलमधून मागवतो, रक्त तपासून सुरू करतो, आणि असं पत्र घेऊन कोणी येतच नाही म्हणाले.

आता दोन प्रश्न. एक, भावाची संमती आतून कशी घ्यायची? दुसरं, आयओ म्हणतोय तो आता कोर्टातून आदेश आणणार पूर्ण फाइलचा. आणला तर?

पायरीवरचा_वकील:
पहिलं सोपं. वकीलपत्रावर आतून सही घेतात तशीच, संमतीपत्र टाइप करून वकिलांकडून ऑफिसला द्या, तुरुंग अधिकाऱ्यासमोर सही होऊन शिक्का मारून परत येतं. त्यात स्पष्ट लिहा कुणाला आणि काय, "जेलचे वैद्यकीय अधिकारी यांना उपचारासाठी" एवढंच. "संबंधितांना" असा शब्द असेल तर खोडा, त्या शब्दात अख्खं गाव येतं. आणि मॅनिया उतरल्यावर सही घ्या, आत्ता घेतली तर उद्या कोणी म्हणेल भानावर नव्हता. तोपर्यंत डॉक्टर ते डॉक्टर माहिती चालूच राहील, त्याला सही लागत नाही. स्वतःच्या रेकॉर्डची प्रत हवी असेल तर कलम २५ चा हक्क आहे, ती काढून वकिलांकडे ठेवा, समोरच्याच्या आधी आपल्या माणसाने वाचलेलं बरं.

दुसरं, आयओने अर्ज केला की त्यावर "से" (आपलं लेखी म्हणणं) द्यायची संधी मागा. पूर्ण फाइलला हरकत घ्या, आणि पर्याय द्या, घटनेच्या आधीच्या काही महिन्यांच्या नोंदी, त्याही बंद पाकिटात, आधी कोर्टाने वाचाव्यात. बहुतेक मॅजिस्ट्रेट ह्याला तयार होतात, कारण चारशे पानांची झेरॉक्स वाचायचा त्यांनाही कंटाळा असतो.

गोळीवाली_डॉक्टर:
आणि ताई, पुढच्या मुलाकातीला हात पुढे करायला सांगा, बोटं पसरून. बारीक थरथर चालते, मोठी चालत नाही. तुमची स्वतःची झोप गेली असेल तर टेलिमानस, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

निवृत्त_गेटकीपर:
मुलाकातीला जाताना शिक्क्याची प्रत बरोबर ठेवा. डॉक्टर बदलतात.